कॅल्क्युलसचा दूरशिक्षण अभ्यासक्रम: आखणी विद्यार्थ्याच्या वहीपासून सुरू करा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात पदवीच्या पहिल्या वर्षासाठी कॅल्क्युलसचा दूरशिक्षण अभ्यासक्रम करायचे ठरले, की पहिले काम बहुधा एकच होते. वर्गातली व्याख्याने चित्रित केली जातात, ती विद्यार्थ्यांच्या गटावर टाकली जातात, सोबत एक प्रश्नसंच जोडला जातो आणि अभ्यासक्रम तयार झाला असे मानले जाते. चित्रफिती पाहिल्या गेल्या, पण समोर कोरा कागद आल्यावर पहिली ओळही सुचली नाही, हे परीक्षेच्या वेळी लक्षात येते. चूक विद्यार्थ्यांची नसते, आपण कामाचा क्रम उलटा लावलेला असतो. कॅल्क्युलस हाताने करायचा विषय आहे. म्हणून विद्यार्थ्याच्या वहीत दर आठवड्याला काय उतरेल, ते कोण तपासेल आणि किती दिवसांत परत पाठवेल, हे आधी ठरवावे आणि चित्रीकरण त्यानंतरच करावे. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मधला एखादा गाळून पुढे गेल्यास नंतर मागे यावेच लागते.

या लेखात चलासाठी ‘क्ष’ आणि फलासाठी (फंक्शनसाठी) ‘फ’ वापरले आहे. आपल्या पाठ्यसाहित्यात मात्र परीक्षेत येणारी इंग्रजी चिन्हेच ठेवावीत.

टप्पा १: विद्यार्थी कोण आहे, हे कागदावर आणा

आपल्याकडचा नेहमीचा विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला असतो, पी.यू.सी.ला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान शाखेत त्याचे माध्यम एकदम इंग्रजी झालेले असते आणि त्याच्या शेजारच्या बाकावर कन्नड माध्यमातून आलेला मित्र असतो. दूरशिक्षणाकडे वळलेला विद्यार्थी बहुधा कुठेतरी नोकरी करत असतो किंवा घरची शेती पाहत असतो. प्रवेशाच्या वेळीच त्याच्याकडून चार गोष्टी लिहून घ्याव्यात: फोन स्वतःचा की घरात सामाईक, घरात रेंज येते की बाहेर जावे लागते, अभ्यासाला मिळणारी वेळ पहाटेची की रात्रीची, आणि शेवटचे गणित कोणत्या वर्षी केले. कणकुंबी किंवा जांबोटीकडच्या विद्यार्थ्याला एक मोठी चित्रफीत उतरवून घेण्यासाठी गावाबाहेर चालत जावे लागत असेल, तर ते आपल्याला पहिल्या दिवशी माहीत असायला हवे.

त्यानंतर १२ प्रश्नांची पूर्वचाचणी घ्यावी. तीत कॅल्क्युलस अजिबात नसावे. पहिल्या महिन्यातली बहुतेक पडझड बीजगणितात होते, म्हणून तेच तपासावे. माझ्या अनुभवात एक प्रश्न सर्वाधिक बोलका ठरतो: फ(क्ष) = क्ष² + ३क्ष असेल, तर फ(क्ष + ह) किती? अनेक विद्यार्थी क्ष² + ३क्ष + ह असे लिहितात. असे लिहिणाऱ्याला विकलजाची (डेरिव्हेटिव्हची) व्याख्या कितीही वेळा समजावली तरी ती उपयोगी पडत नाही, कारण त्या व्याख्येच्या पहिल्याच ओळीत तो घसरतो. याबरोबर १/(क्ष + ह) − १/क्ष चे सरळ रूप, क्ष² चे वर्गमूळ ऋण क्ष साठी किती येते, अंशाचे रेडियनमध्ये रूपांतर आणि एका आलेखावरून किमती वाचणे, एवढे तपासले तरी पुरे.

*तपासा:* पूर्वचाचणीतील प्रत्येक चुकीसाठी दोन पानांची उजळणी-पत्रिका तयार आहे का? नसेल, तर चाचणी घेऊन फक्त विद्यार्थ्याला घाबरवल्यासारखे होते.

टप्पा २: तासांचा हिशोब

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात एका श्रेयांकासाठी (क्रेडिटसाठी) ३० तासांचा अभ्यास धरला जातो आणि त्यात वाचन, उदाहरणे, स्वाध्याय असे सगळे येते. हेच माप घेतल्यास ४ श्रेयांकांच्या अभ्यासक्रमाला १२० तास होतात. सत्र १६ आठवड्यांचे असले, तरी गणेशोत्सवाचा आठवडा आणि परीक्षेआधीचा आठवडा मोकळा ठेवावा. उरलेल्या १४ आठवड्यांत दर आठवड्याला साडेआठ तासांहून थोडे अधिक येतात. नोकरी करणाऱ्याला हे जमते, पण यावर आणखी काही लादता येत नाही.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे शिक्षक उदाहरणाचा वेळ स्वतःच्या वेगाने धरतो. जे उदाहरण मला सोडवायला १० मिनिटे लागतात, त्याला एकट्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मी ४० मिनिटे धरतो. हा ठोकताळा लावल्यावर २५ उदाहरणांचा साप्ताहिक संच बहुधा ८ उदाहरणांवर येतो, आणि तेवढाच ठेवावा.

*सावधान:* चिकोडी-निपाणी पट्ट्यात ऊसतोडणी सुरू झाली, की अनेक घरांतली मुले शेतात असतात. त्या आठवड्यांत नवा घटक सुरू न करता मागच्याचा सराव ठेवावा.

टप्पा ३: शेवटची प्रश्नपत्रिका आधी लिहा

सत्रान्त परीक्षेसारखी एक पूर्ण प्रश्नपत्रिका उत्तरांसह लिहून काढावी. मग तिच्यातील प्रत्येक प्रश्नासमोर विद्यार्थ्याच्या हाताला काय यायला हवे, ते एका वाक्यात लिहावे. ‘सातत्याची संकल्पना समजेल’ हे वाक्य चालणार नाही, कारण ते तपासता येत नाही. ‘तुकड्यांत दिलेल्या फलाची डावी सीमा, उजवी सीमा आणि त्या बिंदूतील किंमत काढून तो तिथे संतत आहे की नाही ते कारणासह लिहील’ हे चालते. अशी २५ ते ३० वाक्ये जमली, की ती आठवड्यांवर पसरावीत.

घटकांचा क्रम छापील अभ्यासक्रमाप्रमाणेच ठेवण्याचे बंधन आपण उगाच घालून घेतो. वर्गात सीमेची (लिमिटची) काटेकोर, म्हणजे एप्सिलॉन-डेल्टाची, व्याख्या पहिल्या आठवड्यात देता येते, कारण गोंधळलेला चेहरा समोर दिसतो. दूरशिक्षणात तो दिसत नाही. म्हणून आधी दोन आठवडे कोष्टके आणि आलेख, म्हणजे किमती बिंदूजवळ नेत जाणे, आणि त्यानंतर व्याख्या, असा क्रम ठेवावा. व्याख्या देताना पहिले उदाहरण सरळ रेषेचेच घ्यावे: क्ष जेव्हा १ कडे जातो, तेव्हा ३क्ष + २ ची सीमा ५. इथे फलाची किंमत आणि ५ यांतला फरक ३|क्ष − १| इतका येतो, म्हणून एप्सिलॉन कोणताही दिला तरी डेल्टा त्याच्या एक-तृतीयांश घेतला की काम होते. आधी एप्सिलॉनची मागणी, नंतर डेल्टाचा पुरवठा. विद्यार्थी डेल्टा आधी ठरवून मोकळे होतात किंवा डेल्टामध्येच क्ष ठेवतात. या दोन्ही चुका पाठ्यपत्रिकेत चुकीची उत्तरे म्हणून छापाव्यात आणि त्यांतला दोष शोधायला सांगावा.

टप्पा ४: भाषेची पत्रिका

प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते, विचार मराठीत चालतो आणि दोन्हींच्या मधे विद्यार्थी अडतो. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला एक पान शब्दांसाठी राखून ठेवावे: इंग्रजी संज्ञा, तिचे मराठी नाव आणि तिच्यासोबत एक छोटे उदाहरण. फल, सीमा, सातत्य, विकलज, संकलन (इंटिग्रेशन) हे शब्द द्यावेत, पण बोलताना विद्यार्थी लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह म्हणतात, त्यांना अडवू नये. एकच गोष्ट पाळावी: एका संज्ञेसाठी संपूर्ण अभ्यासक्रमात एकच शब्द. पहिल्या घटकात ‘विकलज’ आणि चौथ्यात ‘अवकलज’ आले, तर वाचणाऱ्याला या दोन वेगळ्या वस्तू वाटतात, आणि विचारायला समोर कोणी नसते.

‘सीमा’ या शब्दाविषयी थोडे अधिक सांगायला हवे. आपल्या भागात सीमा म्हणजे राज्याची हद्द, जिथे थांबावे लागते ती रेघ. हा अर्थ मनात इतका पक्का असतो, की ‘सीमा गाठता येत नाही’ किंवा ‘सीमेच्या पलीकडे किंमत जाऊ शकत नाही’ अशी वाक्ये वह्यांत सापडतात. दोन्ही चुकीची आहेत. क्ष² ची सीमा क्ष = २ पाशी ४ आहे आणि तिथे किंमतही ४ च आहे, म्हणजे ती गाठली जाते. क्ष शून्याकडे जाताना क्ष × साइन(१/क्ष) हे फल आपल्या सीमेच्या, म्हणजे शून्याच्या, वर आणि खाली वारंवार जाते. ही दोन उदाहरणे संज्ञेच्या शेजारीच छापावीत.

संज्ञांइतकेच महत्त्व आज्ञार्थी शब्दांना आहे. ‘सिद्ध करा’, ‘किंमत काढा’, ‘यावरून दाखवा’ यांचे इंग्रजी शब्द परीक्षेत आले, की नेमके किती लिहायचे हे विद्यार्थ्याला ठाऊक नसते. ‘यावरून’ असे म्हटले असताना आधीचे उत्तर न वापरता नव्याने सोडवणाऱ्यांचे गुण दरवर्षी जातात. अशा सात-आठ शब्दांसाठी प्रत्येकी एक नमुना-उत्तर द्यावे.

टप्पा ५: पाठ्यपत्रिका लिहिणे

पूर्ण सोडवलेली पाच उदाहरणे आणि खाली पन्नास सरावाची, ही रचना एकट्याने शिकणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही. पहिले उदाहरण पूर्ण द्यावे, प्रत्येक ओळीसमोर तिचे कारण लिहावे. दुसऱ्यात दोन ओळी रिकाम्या सोडाव्यात. तिसऱ्यात फक्त पहिली ओळ द्यावी. चौथे पूर्णपणे विद्यार्थ्याने करावे. रिकाम्या जागा पत्रिकेतच, पेनने लिहिता येतील एवढ्या मोठ्या ठेवाव्यात.

उदाहरणांचे विषय विद्यार्थ्याच्या ओळखीचे असले, की राशींचे अर्थ समजावण्यात जाणारा वेळ वाचतो. पावसाळ्यात घटप्रभेवरील हिडकल धरणाची आवक-जावक दैनिकांत रोज क्युसेकमध्ये छापून येते आणि साठा टीएमसीमध्ये. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. दर आणि एकूण साठा यांचा संबंध, म्हणजे विकलज आणि संकलन, याहून चांगला कुठे सापडणार? पुढील आकडे समजून चालण्यासाठी घेतले आहेत.

समजा मध्यरात्री आवक ८,००० क्युसेक, सकाळी ६ ला १२,०००, दुपारी १२ ला २०,०००, संध्याकाळी ६ ला १६,००० आणि पुढच्या मध्यरात्री १०,००० आहे. प्रत्येक मधला अवधी ६ तासांचा, म्हणजे २१,६०० सेकंदांचा. प्रत्येक अवधीच्या सुरुवातीची आवक धरली, तर बेरीज ५६,००० येते आणि पाणी १.२०९६ टीएमसी. शेवटची आवक धरली, तर बेरीज ५८,००० आणि पाणी १.२५२८ टीएमसी. दोहोंची सरासरी १.२३१२ टीएमसी. इथे विद्यार्थ्याला थांबवून विचारावे की नोंदी दर तासाला घेतल्या असत्या, तर पहिल्या दोन उत्तरांतले अंतर वाढले असते की कमी झाले असते? निश्चित संकलनाची व्याख्या याच प्रश्नातून पुढे येते.

आता दिवसभर ५,००० क्युसेक पाणी सोडले असे माना. सोडलेले पाणी ०.४३२ टीएमसी झाले, म्हणून साठ्यात सुमारे ०.८ टीएमसीची भर पडली. यानंतरचा प्रश्न मात्र गाळू नये: दुपारी १२ नंतर आवक कमी होत गेली, तेव्हा साठा कमी होत होता का? बरेच जण ‘हो’ लिहितात. आवक १०,००० वर आली तरी ती जावकीपेक्षा जास्तच आहे, म्हणून साठा वाढतच होता, फक्त वाढण्याचा वेग मंदावला होता. फल आणि त्याचा विकलज यांतली गल्लत या एका प्रश्नात उघडी पडते, आणि ती दूर झाल्याशिवाय महत्तम-लघुतमाच्या घटकाकडे जाऊ नये.

*तपासा:* पत्रिका गणित न शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याला वाचायला द्यावी. तो ज्या ओळीवर थांबेल, तिथे मधली एक ओळ राहून गेलेली असते.

टप्पा ६: वही मागवणे, तपासणे, परत पाठवणे

एका तुकडीतल्या विद्यार्थिनीची वही मला अजून आठवते. क्ष शून्याकडे जाताना साइन क्ष भागिले क्ष यांची सीमा कोष्टकावरून शोधायची होती. तिने क्ष = १, ०.१, ०.०१ घेऊन तिन्ही किमती नीट मांडल्या होत्या, तिन्ही ०.०१७४५ च्या आसपास स्थिर होत्या आणि खाली लिहिले होते, ‘सीमा ०.०१७४५’. पद्धत अचूक होती, चित्रफीतही तिने लक्षपूर्वक पाहिली होती. तिच्या कॅल्क्युलेटरवर कोन अंशांत लावलेला होता, म्हणून १ च्या ऐवजी पाय (π) भागिले १८० ही किंमत येत होती. पर्याय निवडण्याच्या चाचणीत तिला ‘चूक’ एवढेच उत्तर मिळाले असते. वहीचे पान समोर होते म्हणून एका ओळीत कारण सांगता आले, आणि पुढच्या आठवड्यात साइन क्ष चा विकलज कोसाइन क्ष येण्यासाठी रेडियनच का लागतो, हे तिने स्वतःहून लिहून पाठवले.

म्हणून दर आठवड्याला वहीचे फोटो मागवावेत. एका फोटोत एकच पान, वर नोंदणी क्रमांक आणि उदाहरणाचा क्रमांक, उजेड समोरून, पेन काळे किंवा निळे, पेन्सिल नको. हे नियम पहिल्याच आठवड्यात नमुना-फोटोसह द्यावेत.

आठही उदाहरणे तपासण्याचा अट्टहास धरू नये. दोन उदाहरणे ओळ न् ओळ तपासावीत, बाकीच्यांची उत्तरे द्यावीत. कोणती दोन तपासली जाणार, हे आधी सांगू नये. चुकीला लाल फुली मारून सोडून देण्याऐवजी जिथे पहिल्यांदा चूक झाली, त्या ओळीवर खूण करून एक प्रश्न लिहावा: ‘इथे साखळी नियम लागतो का?’ सुधारलेले उदाहरण पुढच्या वहीसोबत परत आलेच पाहिजे, अशी अट ठेवावी. आणि वही चार दिवसांत परत जावी. पंधरा दिवसांनी मिळालेला शेरा कोणी वाचत नाही, कारण तोवर विद्यार्थी दोन घटक पुढे गेलेला असतो.

नक्कल टाळण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. नोंदणी क्रमांकाच्या शेवटच्या अंकात १ मिळवून येणारी संख्या ‘क’ धरावी आणि क्ष³ − ३क·क्ष या फलाचे महत्तम व लघुतम बिंदू विचारावेत. विकलज शून्य होतो ते बिंदू अधिक-उणे वर्गमूळ क, म्हणजे दहा वेगवेगळी उत्तरे, पण तपासणाऱ्याला एकच सूत्र.

संगणकावर तपासले जाणारे प्रश्न जोडीला ठेवायला हरकत नाही. मूडल ही प्रणाली मोफत आहे आणि तिला जोडता येणारा ‘स्टॅक’ हा प्रश्नप्रकार मॅक्झिमा या बीजगणिती प्रणालीच्या मदतीने उत्तर वेगळ्या रूपात लिहिले असले तरी ते बरोबर आहे का, हे ओळखतो. साइन क्ष × कोसाइन क्ष चे संकलन एक विद्यार्थी साइन²क्ष/२ लिहितो, दुसरा −कोसाइन²क्ष/२, तिसरा −कोसाइन २क्ष/४. स्थिरांक जोडल्यावर तिन्ही बरोबर आहेत, कारण त्यांतला फरक स्थिरांकाचाच आहे. ठरावीक अक्षरे जुळवून पाहणारी चाचणी यांतल्या दोघांना नापास करते.

*सावधान:* संकलनाच्या प्रत्येक प्रश्नात ‘उत्तराचे पुन्हा विकलन करून पडताळा’ ही ओळ सक्तीची ठेवावी. एकट्याने शिकणाऱ्याला आपले उत्तर बरोबर आहे हे स्वतः पाहण्याची दुसरी सोय नसते.

टप्पा ७: आता चित्रफिती

इथवर आल्यावर कोणत्या ओळींवर विद्यार्थी अडतात ते कळलेले असते, आणि चित्रफिती फक्त त्या ओळींसाठी कराव्यात. एका फितीत एक मुद्दा, ६ ते ८ मिनिटे. पांढऱ्या कागदावर जाड पेनने लिहिताना वरून चित्रण करावे. फळ्यावरचे बारीक अक्षर मोबाइलवर वाचता येत नाही. कागदावर फक्त चिन्हे, आकृत्या आणि संख्या लिहाव्यात व स्पष्टीकरण बोलण्यात ठेवावे. मग त्याच चित्रणावर एकदा मराठी आणि एकदा कन्नड आवाज चढवता येतो आणि एकाच श्रमात दोन्ही गटांची सोय होते.

फाइल शक्य तितकी लहान ठेवावी आणि सोबत केवळ आवाजाची प्रतही द्यावी. पाठ्यपत्रिका पुढे उघडून नुसते ऐकणाऱ्यांना ती पुरते. सगळ्या फिती पेनड्राइव्हवर अभ्यासकेंद्रात उपलब्ध असाव्यात.

टप्पा ८: संपर्कसत्रे

सत्रात तीन संपर्कसत्रे पुरेशी आहेत. ती व्याख्यानांत घालवू नयेत. विद्यार्थ्याने अडलेली वही घेऊन यावे, चौघांच्या गटात बसून ती उदाहरणे सोडवावीत आणि शिक्षकाने बाकांमधून फिरावे. सत्राची वेळ दुपारची ठेवावी, म्हणजे खानापूरच्या आतल्या गावातून येणाऱ्याला परतीची बस मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये त्या बाजूला पावसाचा जोर असतो, तेव्हा सत्र ठेवू नये.

टप्पा ९: आधी पाच जणांवर चालवून पाहा

पहिले दोन आठवडे पाच विद्यार्थ्यांना द्यावेत. त्यांतले किमान दोघे पूर्वचाचणीत मागे पडलेले असावेत. प्रत्येक उदाहरणाला लागलेली मिनिटे त्यांना समासात लिहायला सांगावीत. दुसऱ्या टप्प्यातला हिशोब बहुधा इथेच बदलावा लागतो, आणि तो बदलल्यावरच बाकीचे आठवडे छापायला द्यावेत.

अभ्यासक्रम सुरू झाल्यावर हजेरी वहीवरूनच धरावी. सलग दोन आठवडे वही आली नाही, तर तिसऱ्या आठवड्याची वाट न पाहता शिक्षकाने स्वतः फोन करावा. ‘वही का पाठवली नाही?’ असे न विचारता ‘शेवटचे कोणते उदाहरण अर्धवट राहिले आहे?’ असे विचारावे, ते उदाहरण फोनवरच तोंडी दोन ओळी पुढे न्यावे आणि उरलेले त्याच रात्री फोटोने मागवावे. नोंदवहीत त्या उदाहरणाचा क्रमांक लिहून ठेवावा. एकाच क्रमांकासमोर तीन नावे जमली, तर पुढच्या तुकडीआधी ते पान नव्याने लिहायला घ्यावे.